मेंदूतील रक्तवाहिन्यांचे कर्तृत्व

संताप अनावर झाला म्हणजे ‘तळपायाची आग मस्तकात गेली’ असे आपण म्हणतो. कोणी अविचाराने हात उगारला, तर ‘त्याच्या डोक्यात रक्त चढले’ हे शब्द सहज तोंडी येतात. एका बाजूचे हातपाय लुळे पडले, की ‘अंगावरून वारे गेले’ हा वाक्प्रचार योजला जातो. आणि वार्धक्यात विचार मंदावला, की ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण फेकून आपण मोकळे होतो. या चार प्रयोगांपैकी पहिल्यात दोष आगीकडे आहे, दुसऱ्यात रक्ताकडे, तिसऱ्यात वाऱ्याकडे आणि चौथ्यात केवळ वयाकडे. गंमत अशी, की जेथे रक्ताचा संबंध सर्वांत निकटचा, त्या शेवटच्या दोन ठिकाणी आपल्या भाषेने त्याचे नावही घेतलेले नाही.

मेंदूतील रक्तवाहिन्या मज्जापेशींच्या कार्यावर कसा परिणाम घडवतात, या प्रश्नाचा गेल्या दीड शतकात जो उलगडा होत गेला, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे. (अलीकडची पाठ्यपुस्तके मज्जापेशींना चेतापेशी म्हणतात, आमच्या कानांना जुना शब्द अधिक सवयीचा आहे.) वैद्यक हा आमचा विषय नव्हे, भाषा आणि इतिहास यांतच आमची उमेदीची वर्षे गेली. तथापि साठी आता चार-दोन वर्षांवर येऊन ठेपल्यामुळे वरील म्हणीची थोडी चौकशी करणे आम्हांस अगत्याचे वाटू लागले आहे.

प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने सबंध शरीराचा जेमतेम पन्नासावा हिस्सा भरतो. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे सातवा भाग, आणि स्वस्थ बसलेले शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा भाग, हा एकटा मेंदू घेतो. इतका खर्चिक असूनही त्याच्या पदरी शिल्लक जवळजवळ नसते. स्नायूंना साखरेचा साठा करून ठेवता येतो. यकृताची तर कोठारेच असतात. मेंदूचा संसार मात्र रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घरासारखा आहे. त्याचा रक्तपुरवठा पूर्णपणे थांबला, तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मज्जापेशींना कायमची इजा होऊ लागते.

याची सौम्य आवृत्ती कोणत्याही शाळेच्या पटांगणावर पाहावयास मिळते. प्रार्थनेच्या वेळी उन्हात ताटकळत उभा असलेला एखादा मुलगा एकाएकी पांढराफटक पडून कोसळतो. रक्त पायांत साचलेले असते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूचा पुरवठा काही क्षण तुटपुंजा होतो. कोसळणे हाच वस्तुतः त्यावरचा निसर्गाचा उपचार होय, कारण आडवे होताच हृदय आणि मेंदू एका पातळीवर येतात. अशा वेळी मुलाला आडवेच राहू द्यावे, पाय थोडे उंच करावेत. हे आम्ही दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगतो, आणि दर वर्षी कोणीतरी त्याला बसते करण्यासाठी खुर्ची घेऊन धावतोच.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून वर चढतात, दोन पुढून व दोन मणक्यांच्या कडेने. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. एखादी वाट हळूहळू बुजत गेली, तर दुसरीकडून रक्त फिरवून आणण्याची ही सोय आहे. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कड्याचे विवेचन आले, आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या ग्रंथातील चित्रे काढण्यात पुढे लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधणारे ख्रिस्तोफर रेन यांचा हात होता, हे आमच्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष रुचते. कड्यापासून फुटणाऱ्या शाखा मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतात, तेथून काटकोनात आत शिरतात आणि शेवटी केसाहूनही कितीतरी सूक्ष्म अशा केशवाहिन्यांचे जाळे विणतात. ते इतके दाट असते, की क्वचितच एखादी मज्जापेशी जवळच्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या काही शतांशांहून अधिक दूर सापडेल.

एवढे दाट जाळे कशासाठी, याचे उत्तर पुष्कळ दिवस सोपे वाटत होते: पेशी काम करते, रक्तवाहिनी तिला शिधा पोचवते, पेशी धनीण, वाहिनी चाकर. हे उत्तर खोटे नव्हे, पण अपुरे आहे. मात्र आधी त्याचा पूर्वार्ध कसा सिद्ध झाला ते पाहणे इष्ट.

इटलीतील तुरीन येथे १८८० च्या सुमारास आंजेलो मॉस्सो हे शास्त्रज्ञ बेर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्याची तपासणी करत होते. अपघातात त्याच्या कवटीचा एक तुकडा गेला होता आणि त्या जागी मेंदूची धडधड वरून टिपता येत असे. मॉस्सो यांनी एक यंत्र त्या जागी आणि दुसरे त्याच्या हातावर बसवले. दुपारी बाराला चर्चची घंटा वाजली, तेव्हा मेंदूवरील आलेख एकाएकी उसळला. हातावरचा होता तसाच राहिला. घंटा ऐकून प्रार्थनेची आठवण झाली काय, असे विचारता बेर्तिनोने होय म्हटले. आठ गुणिले बारा किती, असे विचारल्यावरही आलेख तसाच वर गेला. विचार आणि रक्त यांची गाठ प्रत्यक्ष डोळ्यांना दिसल्याची ही अगदी आरंभीची नोंद आहे. पाढे म्हणताना मुलांचे कान लाल का होतात, याचा खुलासा मात्र यात नाही. तो बहुधा गुरुजींच्या बोटांत असावा.

पुढे १८९० मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी असे प्रतिपादिले, की मेंदूचा जो भाग काम करतो तेथे काही रासायनिक द्रव्ये निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे तेथल्याच रक्तवाहिन्या रुंदावतात. सहा वर्षांनी लेनर्ड हिल यांनी याच्या अगदी उलट मत मांडले: मेंदूतील रक्ताला स्वतःचे असे नियमन नाहीच, शरीराचा रक्तदाब जसा चढेल-उतरेल तसे ते मुकाट्याने हलते. हिल यांचा अधिकार मोठा असल्यामुळे रॉय व शेरिंग्टन यांचा विचार कित्येक वर्षे मागे पडला.

त्याला पुन्हा उजेड दाखवला तो एका रुग्णाने. बोस्टन येथे हार्वे कुशिंग यांच्या रुग्णालयात आलेल्या एका खलाशाच्या मेंदूच्या मागील भागात रक्तवाहिन्यांचा अनैसर्गिक गुंता झाला होता. शस्त्रक्रियेत तो काढता आला नाही. पण कवटीचे हाड काढलेल्या जागी कान लावला, की रक्ताचा घरघर आवाज येई. खलाशाची तक्रार अशी, की डोळ्यांना काम दिले म्हणजे आवाज वाढतो. जॉन फुल्टन यांनी ही तक्रार उडवून न लावता तिची पारख केली. वर्तमानपत्राचा बारीक टाइप वाचावयास दिला, की घरघर वाढे. दूरच्या घड्याळाची टिकटिक कान देऊन ऐकली किंवा तंबाखूचा वास घेतला, तर काहीच फरक पडत नसे. मेंदूचा तो मागील भाग दृष्टीचा आहे. वाचन चालू असताना रक्ताचा ओघ नेमका तेथेच वाढत होता. फुल्टन यांनी १९२८ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून घेण्याचे मोल सांगणारी इतकी चांगली गोष्ट आमच्या वाचनात दुसरी नाही.

यानंतर मोजमापे आली. अमेरिकेत सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० नंतरच्या दशकात हसवणाऱ्या वायूचा उपयोग करून माणसाच्या सबंध मेंदूचा रक्तपुरवठा मोजला. तो दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर निघाला. मग लुई सोकोलॉफ प्रभृतींनी माणसांना तोंडी गणिते घालून पाहिली, आणि आश्चर्य असे की एकूण पुरवठ्यात काहीच वाढ दिसेना! मळ्यात दारे धरणाऱ्याचे काम ज्याने पाहिले असेल, त्याला याचा उलगडा कठीण जाऊ नये. विहिरीवरून पाटाला येणारे पाणी तेवढेच असते. पण ज्या वाफ्याला तहान त्याचे दार फोडायचे, दुसऱ्याचे बुजवायचे. मेंदूतही एकूण ओघ जवळजवळ स्थिर राहून वाटप तेवढे क्षणाक्षणाला पालटते. हे पालटते वाटप पुढे किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने भागाभागाने मोजता आले. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या कमीअधिक प्रमाणामुळे एम.आर.आय. यंत्रातील चित्र बदलते, हे दाखवले. आज ‘विचार करणाऱ्या मेंदूची’ म्हणून जी रंगीत चित्रे छापली जातात, ती या मार्गाने मिळतात. ती वस्तुतः विचारांची नसून पाण्याच्या पाळीची चित्रे आहेत.

येथेच एक अडचण उभी राहिली. पीटर फॉक्स आणि मार्कस रायकल यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले, की मेंदूचा एखादा भाग कामाला लागला म्हणजे तेथे रक्ताचा ओघ जितका वाढतो, त्या मानाने प्राणवायूचा खर्च फारच थोडा वाढतो. वाफा भरून बांधावरून पाणी वाहू लागावे, असा हा प्रकार. रक्त केवळ शिधा पोचवण्यासाठी येत असेल, तर ही उधळपट्टी कशासाठी? यावर अनेक उत्तरे सुचवली गेली आहेत. त्यांपैकी एक २००८ मध्ये ख्रिस्तोफर मूर आणि रोझा काओ यांनी मांडले: येणारे रक्त मज्जापेशींना नुसते पोसत नसावे, त्यांच्या कामालाच वळण देत असावे. चाकर म्हणून समजलेली वाहिनी धनिणीच्या कानात काही सांगतही असावी, असा हा तर्क होय.

ही कुजबूज होण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. एक वाट निव्वळ स्पर्शाची. वाहिनी फुगली वा आकसली, की भोवतालच्या पेशींवरचा ताण बदलतो. वाहिन्या आणि मज्जापेशी यांच्या मध्ये ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांना तारकापेशी म्हणू. त्यांची पाउले वाहिनीच्या भिंतीला चिकटलेली आणि हात मज्जापेशींच्या सांध्यांपर्यंत पोचलेले असतात. अमेरिकेत जेसिका फिलोसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या पातळ चकतीतील एका सूक्ष्म धमनीत कृत्रिम रीतीने दाब वाढवला. धमनी आकसली, तारकापेशींत कॅल्शियमची लहर उठली आणि जवळच्या मज्जापेशींचे आपोआप चालणारे स्पंदन मंदावले. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याहून नवी गोष्ट जर्मनीतील रेगेन्सबुर्गची. तेथील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले, की उंदराच्या मेंदूत वासाची दखल घेणाऱ्या भागातील काही मज्जापेशींवर दाब ओळखणारी सूक्ष्म दारे असतात आणि नाडीचा प्रत्येक ठोका त्या पेशींना थेट जाणवतो. जाग्या उंदरांत स्मरणाशी निगडित भागातील काही पेशीही हृदयाच्या ठोक्याशी ताल धरताना आढळल्या. छातीतील धडधडीचा मनावर परिणाम होतो हे कवींना ठाऊक होतेच. त्याची एक वाट इतकी सरळ असेल, असे मात्र कोणाला वाटले नसेल.

दुसरी वाट रसायनाची. रक्तवाहिनीच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू स्रवतो आणि वाहिनी सैल पडते. या शोधाबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. लंडन येथे जॉन गार्थवेट यांच्या गटाने २००६ मध्ये असे दाखवले, की उंदराच्या दृष्टिमज्जातंतूत हाच वायू वाहिनीच्या अस्तरातून निघून शेजारच्या तंतूंपर्यंत पोचतो व त्यांची विद्युत्स्थिती सतत किंचित चढती ठेवतो.

पण आम्हांस सर्वांत हृद्य वाटले ते कॅनरी पक्ष्याचे उदाहरण. या जातीत गातो तो मुख्यतः नर. मात्र मादीला नराचा अंतःस्राव टोचला, की तीही गाऊ लागते आणि तिच्या मेंदूतील गायनाच्या केंद्रात नव्या मज्जापेशी येऊन वस्ती करतात. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी २००२ मध्ये या घडामोडीचा क्रम शोधून काढला. अंतःस्रावामुळे प्रथम त्या केंद्रातील केशवाहिन्या वाढतात. वाहिन्यांचे अस्तर मग मज्जापेशींना पोषक असे एक द्रव्य बनवू लागते. आणि त्या द्रव्याच्या आधारे नव्या पेशी तेथे तग धरतात. वाहिन्यांची वाढ औषधाने रोखली, तर नव्या पेशींची भरतीही घटते. येथे गाव वसल्यावर रस्ता झाला नाही. रस्ता झाला म्हणून गाव वसले.

रक्तवाहिनीचे तिसरे काम राखणदाराचे. पाउल एर्लिख यांना १८८५ मध्ये असे आढळले, की प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर सारी इंद्रिये रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो. त्यांच्याकडे शिकलेल्या एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मध्ये भिंत आहे हे उघड झाले. ती भिंत केशवाहिन्यांच्या अस्तरातच आहे, तेथील पेशी परस्परांना घट्ट शिवल्यासारख्या असतात, हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले. मज्जापेशींचे काम क्षारांच्या अतिशय नाजूक तोलावर चालते. जेवणानंतर रक्तात होणारे चढउतार त्यांच्यापर्यंत पोचू लागले, तर एक वाक्य धड पुरे करणे कठीण होईल. ही शिवण उसवली, तर रक्तातील न येण्याजोगी प्रथिने आत झिरपतात, सूज येते आणि पेशींचे कार्य बिघडते.

आता त्या ‘वाऱ्या’कडे वळू. मेंदूच्या एखाद्या धमनीत गुठळी अडकली किंवा धमनी फुटली, की पक्षाघात होतो. आयुर्वेदातील वात ही कल्पना वाऱ्याहून पुष्कळ व्यापक आहे, हे आम्ही जाणतो. पण घरच्या माणसांच्या मनात वारा म्हणजे वाराच, आणि वाऱ्यावर उपाय म्हणजे शेक, तेल, चोळणे. यात जो वेळ जातो त्याची किंमत फार मोठी आहे. मोठी धमनी बंद पडून उपचार झाला नाही, तर मिनिटागणिक सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

या विषयातील एक शोध प्रत्येक कुटुंबाने ऐकून ठेवावा असा आहे. लंडन येथे लिंडसे सायमन, येन्स आस्त्रुप प्रभृतींनी १९७० नंतरच्या दशकात वानरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की रक्ताचा ओघ नेहमीच्या साधारण एक-तृतीयांशावर आला, की मज्जापेशी मुकी होते. पण मरत नाही. ओघ त्याहून बराच खाली गेला, तरच ती मरणाच्या वाटेला लागते. म्हणजे गुठळीच्या पुढील क्षेत्राच्या गाभ्यात मृत पेशी, आणि त्याभोवती मुक्या परंतु जिवंत पेशींचे वलय. ग्रहणाच्या धड्यात आपण गडद छायेभोवतीच्या फिकट छायेला उपच्छाया म्हणतो. या वलयाला शास्त्रज्ञांनी त्याच अर्थाचे नाव दिले. हातात बळ नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, एवढ्यावरून सारे संपले असे ठरत नाही. ओघ वेळेत पूर्ववत झाला, तर उपच्छायेतील पेशी पुन्हा बोलू लागतात. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसून आला. त्याची मुदत आरंभी तीन तासांची होती, पुढे ती साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठ्या धमनीतील गुठळी बारीक नळीने बाहेर काढण्याचा उपचार २०१५ पासून मान्यता पावला असून निवडक रुग्णांत तो त्यानंतरही करता येतो. मात्र गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. सीटी स्कॅन केल्यावाचून औषध देता येत नाही; म्हणून रुग्णाला गाठायचे असते ते हे यंत्र असलेले रुग्णालय. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, यांपैकी एक खूण दिसली तरी निघावे.

राहिली साठीची म्हण. पक्षाघात एका झटक्यात येतो. पण वाहिन्यांचा दुसरा एक आजार वर्षानुवर्षे मुकाट्याने चालतो. चढलेल्या रक्तदाबामुळे मेंदूत खोल शिरणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. दारे धरणाऱ्याचे हात आखडावेत तशा त्या हाकेसरशी रुंदावेनाशा होतात. कोठे कोठे त्या बंद पडून वाटाण्याहून लहान खळगे तयार होतात. यात नावे विसरण्यापेक्षा मंदपणा आधी दिसतो: हिशेब करताना गोंधळ, दोन कामे एका वेळी न जमणे, बेत आखता न येणे, छोटी छोटी घासती पावले. घरातील माणसे याला म्हातारचळ म्हणतात आणि कोणी दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधून पाहत नाही.

डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतील एका धर्मसंघाच्या वृद्ध जोगिणींचा दीर्घकाळ अभ्यास केला. मरणोत्तर आपला मेंदू तपासावा, अशी संमती त्यांनी देऊन ठेवली होती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा १०२ जणींची पाहणी आहे. त्यांपैकी ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या. परंतु त्यांतही जिच्या मेंदूत रक्त अडून झालेले खळगे होते, तिची बुद्धी जिवंतपणी अधिक ढासळलेली होती. ते नव्हते, अशा कित्येक जणींचे चित्त मेंदूत रोग असूनही पुष्कळ शाबूत होते.

दुसरी हकीकत याहून व्यवहाराची. अमेरिकेत उच्च रक्तदाब असलेल्या ९,३६१ माणसांचे दोन गट करण्यात आले. मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले वगळले होते. एका गटाचा वरचा दाब १४० च्या खाली आणि दुसऱ्याचा १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये बुद्धीविषयीचे निष्कर्ष आले. पूर्ण स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत दोन गटांतील फरक निर्णायक म्हणण्याइतका नव्हता. पण त्याआधीची पायरी, म्हणजे व्यवहार सांभाळता येतो परंतु स्मरण आणि विचार वयाच्या मानाने उणे पडू लागतात ती अवस्था, १२० च्या गटात सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. याचा अर्थ प्रत्येकाने १२० चा आकडा गाठावा असा नव्हे. भोवळ येण्याचे प्रकार त्याच गटात अधिक घडले, तेव्हा किती उतरवायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. चाचणीत सामील होताना या मंडळींचे सरासरी वय सुमारे ६८ वर्षांचे होते. साठी त्यांच्यापैकी बहुतेकांनी केव्हाच ओलांडली होती.